हिवाळ्यातले आठ दिवस आणि दोन भावंडे: व्हिएन्ना–बुडापेस्ट की लिस्बन–पोर्तो?

ताई नाशिकला असते आणि मी पुण्यात. मुले आपापल्या मार्गाला लागल्यावर घरातल्या बाकी कोणालाही बरोबर न घेता आम्ही दोघांनीच आठ-आठ दिवसांचे दोन प्रवास केले. पहिला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑस्ट्रियातील व्हिएन्ना आणि हंगेरीतील बुडापेस्टचा, आणि त्यानंतर दोन वर्षांनी फेब्रुवारीच्या पूर्वार्धात पोर्तुगालमधील लिस्बन आणि पोर्तोचा. दोन्ही जोड्या एकाच मापाच्या आहेत. दोन शहरे, मध्ये अडीच-तीन तासांची रेल्वे, एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतण्याची सोय आणि दोहोंना मिळून पुरणाऱ्या सात रात्री, एवढे साम्य असल्यामुळे त्यांची तुलना करता येते. नवराबायकोचा किंवा लहान मुलांसह जाणाऱ्यांचा हिशेब कदाचित वेगळा निघेल. येथे विचार केला आहे तो पन्नाशीच्या आसपासच्या, एकमेकांवर माया असलेल्या, पण एका खोलीत राहण्याची सवय तीस वर्षांपूर्वीच मोडलेल्या दोन भावंडांचा.

प्राग का नाही, असे हमखास विचारले जाते. व्हिएन्नाहून प्रागला रेल्वेने चार तास लागतात आणि बुडापेस्टहून सुमारे सात. दिवसाचा उजेडच जेमतेम आठ तास असताना तिसरे शहर जोडणे म्हणजे त्या उजेडातला एक अख्खा दिवस डब्यात घालवणे होय. शिवाय प्रागचे मुख्य सुख, म्हणजे १३५७ मध्ये पायाभरणी झालेला चार्ल्स पूल, १४१० चे खगोलीय घड्याळ आणि टेकडीवरचा किल्ला, हे सगळे उघड्यावर उभे राहून पाहायचे आहे. ते शहर मी एप्रिलसाठी राखून ठेवले आहे.

थंडी बाहेरची आणि खोलीतली

बहुतेक लोक तापमानाचा तक्ता पाहून निर्णय घेतात, आणि तेथेच त्यांची फसगत होते. डिसेंबरात व्हिएन्ना आणि बुडापेस्टमध्ये दिवसा तीन-चार अंश आणि रात्री शून्याच्या आसपास, तर लिस्बनमध्ये हिवाळाभर दिवसा पंधराच्या आणि रात्री आठच्या आगेमागे, असे आकडे असतात. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते. त्यामुळे शून्याचा आकडा पाहून माणूस घाबरतो आणि लिस्बनचे तिकीट काढतो.

प्रत्यक्षात मला अधिक थंडी वाजली ती लिस्बनमध्ये. व्हिएन्नात रस्त्यावर नाक बधिर होते हे खरे, पण ट्राममध्ये पाय ठेवला की उबारा, दुकानात उबारा, संग्रहालयात उबारा आणि हॉटेलच्या खोलीत तर इतका की ताई रात्री खिडकीची फट उघडी ठेवून झोपत असे. तेथील इमारती थंडीशी मुकाबला करण्यासाठीच बांधलेल्या आहेत; दुहेरी खिडक्या आणि खिडकीखाली बसवलेले तापक जुन्या घरातही दिसतात. लिस्बन आणि पोर्तोमधील जुनी घरे मात्र उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली असतात. दगडी भिंती, एकेरी काच, फरशीची जमीन आणि कोपऱ्यात चाकांवरचा एखादा विजेचा हीटर, असा थाट असतो. आम्ही उतरलो होतो त्या पाहुणेघरात बाहेर चौदा अंश असताना आतही जवळजवळ तेवढेच होते. पहिल्या दिवशी पावसात भिजलेले माझे मोजे तिसऱ्या दिवशीही ओलसर होते, आणि अखेर ते ताईने केस वाळवायच्या यंत्रासमोर धरून वाळवले. पोर्तुगालला हिवाळ्यात जाणाऱ्याने खोली ठरवताना दृश्य, गच्ची आणि टाइल्सचे फोटो पाहण्याआधी खोलीत कायमची तापनव्यवस्था आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. नव्या बांधणीच्या हॉटेलांत हा प्रश्न बहुधा येत नाही.

पावसाचाही हिशेब येथेच मांडला पाहिजे. पोर्तुगालचा पाऊस हिवाळी आहे. अटलांटिकवरून वारा आला की छत्री उलटी होते, आणि पोर्तो या बाबतीत लिस्बनच्या पुढे आहे. व्हिएन्ना–बुडापेस्टला डिसेंबरात पाऊस कमी, पण आभाळ सतत राखाडी; सलग चार दिवस सूर्य न दिसणे तेथे नवलाचे नाही. बर्फाची खात्री मात्र कोणी देऊ नये. आम्हाला आठ दिवसांत एका सकाळी जेमतेम अर्धा तास भुरभुर मिळाली. बर्फ पाहणे हाच मुख्य हेतू असेल तर तो डोंगरात जाऊन पुरवावा, शहरात नव्हे.

संध्याकाळी चारनंतर

हिवाळी सहलीचा खरा प्रश्न तापमानाचा नसून, अंधार पडल्यावर तुम्ही कुठे बसणार आहात हा आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास बुडापेस्टला सूर्य चार वाजायच्या आतच मावळतो आणि व्हिएन्नाला चारच्या ठोक्याला. लिस्बनला त्याच दिवशी सव्वापाच होतात, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर तर सहाच्याही पुढे उजेड असतो. कागदावर ही बाजी सरळ लिस्बनची दिसते. पण व्हिएन्ना शतकानुशतके चार वाजता अंधारात बुडत आलेले शहर आहे, आणि त्याने त्या अंधारावर अनेक उत्तरे शोधून ठेवलेली आहेत.

पहिले उत्तर कॉफीगृहांचे. व्हिएन्नाची कॉफीगृह-संस्कृती २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली गेली. कोट खुंटीला अडकवून बसायचे; कॉफी धातूच्या छोट्या तबकात येते, शेजारी पाण्याचा पेला आणि त्या पेल्यावर आडवा ठेवलेला चमचा. लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रे भिंतीशी टांगलेली असतात. एका ‘मेलान्ज’वर, म्हणजे फेसाळ दूध घातलेल्या कॉफीवर, आम्ही पावणेदोन तास बसलो आणि काळ्या जाकिटातल्या वाढप्याने एकदाही बिल पुढे सरकवले नाही. एका कॉफीला पाच-सहा युरो मोजताना ताई पहिल्या दिवशी कुरकुरली. नंतर तिने हिशेब बदलला: आपण कॉफीचे पैसे देत नाही, उबदार खोलीचे भाडे देतो. तो हिशेब बरोबर आहे. सेंट्रलसारख्या १८७६ पासूनच्या नामांकित कॉफीगृहाबाहेर थंडीत रांग लावण्यापेक्षा दोन गल्ल्या आत जावे. तबक आणि चमचा तेथेही तसाच असतो.

दुसरे उत्तर संग्रहालयांचे. १८९१ मध्ये खुल्या झालेल्या कुन्स्टहिस्टोरिशेस या कलासंग्रहालयात चित्रकार ब्रॉयगलच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे, आणि त्यात १५६५ चे ‘बर्फातील शिकारी’ आहे. खांदे पाडून परतणारी माणसे, त्यांच्यामागे दमलेली कुत्री, खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारे इवलेसे लोक. हे चित्र उन्हाळ्यात पाहणे आणि बाहेरून कानटोपी काढत येऊन पाहणे, यांत फरक पडतो. ताई त्या दालनातल्या बाकावर बराच वेळ बसून होती. मी तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा इजिप्त पाहून आलो, आणि दोघांपैकी कोणालाही दुसऱ्यासाठी घाई करावी लागली नाही.

तिसरे उत्तर संगीतिकेचे, म्हणजे ऑपेराचे. १८६९ मध्ये सुरू झालेल्या राज्य संगीतिकागृहात बसण्याची तिकिटे महाग असली तरी उभे राहून पाहण्याची जागा पंधरा युरोंच्या आसपास मिळते. आत गेल्यावर आपल्या जागेसमोरच्या कठड्याला रुमाल किंवा मफलर बांधायचा. तो बांधला की जागा आपली, मग खुशाल बाहेर फिरून यावे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आम्हा दोघांना ही रीत कोणी समजावून सांगावी लागली नाही. कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर शब्दांचे भाषांतर उमटते. पहिल्या अंकानंतर ताईचे पाय भरून आले आणि आम्ही निघालो. तेवढ्या पैशांत अर्धे पाहून उठल्याची हळहळ वाटत नाही.

बुडापेस्टचे उत्तर एकच आहे, पण ते या सगळ्यांवर मात करते. सिटी पार्कमधील सेचेनी स्नानगृह १९१३ चे. पिवळ्या राजवाड्यासारख्या इमारतीच्या चौकात उघड्यावर मोठी कुंडे आहेत आणि त्यांपैकी सर्वांत ऊन पाणी अडतीस अंशांच्या आसपास असते. वज्रेश्वरीच्या कुंडांची सवय असलेल्यालाही येथे गंमत वाटते ती हवेतल्या फरकाची. दार उघडून ओल्या फरशीवरून कुंडापर्यंत जे दहा-पंधरा पावले अनवाणी जायचे असते, ती पावले एका अंशात टाकायची असतात. मग पाण्यात उतरले की मानेपर्यंत ऊब, आणि डोक्यावरच्या केसांना मात्र गारवा. वाफ इतकी दाट की समोरच्या काठावरचा माणूस दिसत नाही. मध्येच पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे दिसतात. त्यांना पर्यटकांचे सोयरसुतक नसते. तिकीट तीस युरोंच्या पुढेमागे पडते, म्हणजे बुडापेस्टच्या मानाने चढेच. स्वतःचे टॉवेल आणि रबरी चपला नेल्या तर वरचा खर्च वाचतो. येथवर जाणारी भुयारी रेल्वे १८९६ ची आहे आणि तिचे छोटे पिवळे डबेही पाहण्यासारखे आहेत. गेलेर्टचे प्रसिद्ध स्नानगृह मात्र ऑक्टोबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे. जुन्या माहितीवर विसंबून तेथे जाऊ नये.

लिस्बनची संध्याकाळ बाहेरची आहे. टेकड्यांवरचे ‘मिरादोरू’, म्हणजे दृश्य पाहण्याचे सज्जे, हे त्या शहराचे वैभव. आभाळ मोकळे असेल तर ग्रासाच्या सज्ज्यावर एक युरोच्या आसपास मिळणारी छोटी कडक कॉफी घेऊन, खाली तेजू नदी तांबूस होताना पाहण्याइतके सुख व्हिएन्ना देऊ शकत नाही. रस्त्याच्या कडेला भाजलेले चेस्टनट विकणाऱ्यांच्या गाड्या धुरात बुडालेल्या असतात. पण आभाळ मोकळे असेल तरच. आमच्या चार संध्याकाळींपैकी दोन पावसात गेल्या, आणि पावसाळी संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळेत लिस्बनमध्ये काय करावे हे आम्हाला शेवटपर्यंत नीटसे उमगले नाही. फादोची, म्हणजे तेथल्या हुरहुर लावणाऱ्या पारंपरिक गायकीची, गाणी ऐकायला मिळतात ती रात्री उशिरा. गाणे सुरू झाले की दिवे मंद करतात आणि काट्याचमच्यांचा आवाजही थांबतो. ती बैठक अविस्मरणीय होती, पण तेथपर्यंतचे तीन तास आम्ही थंड खोलीत ब्लँकेट लपेटून काढले.

पोर्तोत या बाबतीत थोडे बरे आहे. दुएरू नदीपलीकडच्या गायामध्ये पोर्ट मद्याची तळघरे आहेत आणि ती पाहण्यात एक संध्याकाळ जाते. साउं बेंतू स्थानकाच्या दालनातील सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या टाइल्स पाहण्यास तिकीटही लागत नाही. लेलू या १९०६ च्या पुस्तकाच्या दुकानात शिरण्यास मात्र लागते. तेथे पुस्तके पाहण्यापेक्षा जिन्यावर फोटो काढणाऱ्यांना वाट करून देण्यातच वेळ जातो.

गुडघे

ताईचा उजवा गुडघा कुरबुर करतो. त्यामुळे या मुद्द्याला आमच्या निर्णयात मोठे वजन होते, आणि येथेही अपेक्षेच्या उलट घडले. व्हिएन्ना सपाट आहे. भुयारी रेल्वेच्या स्थानकांत उद्वाहक आहेत, बहुतेक ट्राम जमिनीलगत उघडतात आणि दव गोठले की पदपथांवर बारीक खडी पसरलेली असते. बुडापेस्टचा पेश्त हा भागही सपाटच. नदीपलीकडच्या बूदाच्या टेकडीवर बस जाते. लिस्बन आणि पोर्तो मात्र चढउतारांवर वसलेली आहेत, आणि पदपथांवर चुनखडीच्या पांढऱ्या चौकटींची नक्षीदार फरसबंदी आहे. वर्षानुवर्षांच्या पावलांनी ती गुळगुळीत झालेली असते आणि पावसात साबण लावल्यासारखी निसरते. लिस्बनच्या अल्फामा या जुन्या वस्तीच्या उतारावर ताई माझा दंड धरून चालली, आणि ती कोणाचाही दंड धरणाऱ्यांतली नाही. २८ क्रमांकाची पिवळी ट्राम चढ वाचवते खरी, पण तिच्यात दाटी फार आणि खिसेकापूंची भीती त्याहून जास्त. गुडघे कुरकुरत असतील तर थंड शहर निवडावे, हे ऐकायला विचित्र वाटले तरी मी तेच सांगेन.

ताटात काय

ताई अंडे खाते, मासमच्छी खात नाही. मी मासे सोडत नाही. व्हिएन्नात तिचे हाल झाले नाहीत. चीज घातलेले शेवयांसारखे श्पेट्झले, सफरचंदाचे श्ट्रुडेल, आणि जाड धिरड्याचे तुकडे करून वर साखर भुरभुरलेला ‘कायझरश्मारन’ यांवर ती खूष होती. बुडापेस्टमध्ये तळलेली ‘लांगोश’ पुरीची आठवण करून देते आणि ‘फ्योझेलेक’ म्हणजे सरळसरळ आपली पातळ भाजी. मात्र दोन्हीकडच्या पारंपरिक स्वयंपाकात डुकराची चरबी वापरली जाते, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये. पोर्तुगालमध्ये शाकाहारी माणसाची अडचण जास्त होते. बटाट्याच्या आणि हिरव्या पाल्याच्या ‘काल्दू वेर्द’ सूपमध्येसुद्धा सॉसेजची चकती तरंगत येते. मी मात्र बाकाल्याउवर, म्हणजे खारवलेल्या सुक्या कॉड माशावर, रोज ताव मारला. सुक्या मासळीचा वास ज्याला घरचा वाटतो, त्याने तो चुकवू नये. ताज्या भाजलेल्या तारल्यांची आशा हिवाळ्यात ठेवू नये, कारण त्यांचा हंगाम उन्हाळ्याचा.

एका गोष्टीत लिस्बनने व्हिएन्नाला मागे टाकले. ऑस्ट्रिया-हंगेरीत आम्ही पूर्ण परके होतो, पण लिस्बनमध्ये पाट्या वाचता वाचता ओळखीचे शब्द भेटू लागले. बेकरीत ‘पाउं’, भाजीवाल्याकडे ‘बताता’ आणि ‘काजू’, कुलपाच्या दुकानावर ‘शाव’ म्हणजे चावी, बिल देताना ‘पगार’. ताईने मागच्या पानावर यादीच सुरू केली, आणि ‘गामेला’ म्हणजे आपले घमेले हे कळल्यावर ती रस्त्यात उभी राहून हसली. जेरोनिमुस मठात वास्को द गामाची कबर आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती कोणाकडून, हे शाळेत पाठ केलेल्या माणसाला त्या कबरीसमोर उभे राहून जे काही वाटते, ते व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात वाटत नाही. इतिहासाची ओढ असलेल्या मराठी भावंडांनी, विशेषतः वसई-गोव्याशी नाते असलेल्यांनी, हा मुद्दा माझ्यापेक्षा जास्त मोलाचा धरायला हरकत नाही.

एकत्र आणि वेगळे

भावंडांच्या प्रवासात भांडण होते ते बहुधा सकाळी उठण्याच्या वेळेवरून आणि खोलीतल्या दिव्यावरून. ताई पाचला उठते. व्हिएन्नात डिसेंबरात पावणेआठला उजाडते, म्हणजे तिला पावणेतीन तास अंधारात बसावे लागते आणि मला तिच्या पिशव्यांची सळसळ ऐकत पडावे लागते. भारताची वेळ हिवाळ्यात व्हिएन्नापेक्षा साडेचार आणि लिस्बनपेक्षा साडेपाच तास पुढे असल्यामुळे पहिले दोन दिवस तर ती तीनलाच जागी झाली. शक्य असल्यास दोन लहान खोल्या घ्याव्यात. बुडापेस्ट आणि पोर्तोत हे परवडू शकते. एकच खोली घ्यायची तर ऑस्ट्रियात एक सोय आहे: दोघांसाठीच्या पलंगावरही बहुधा दोन वेगळ्या गाद्या आणि दोन वेगळ्या रजया असतात. तरीही आरक्षण करताना ‘दोन स्वतंत्र पलंग’ असे स्पष्ट लिहावे. पोर्तुगालमध्ये ते न लिहिल्यास एकच रुंद पलंग आणि एकच पांघरूण मिळते, आणि रात्री दहा वाजता स्वागतकक्षात ‘ही माझी बहीण आहे’ असे सांगत उभे राहावे लागते.

त्याच जातीची आणखी एक सूचना: ऑस्ट्रियात सौनामध्ये, म्हणजे अंग शेकण्याच्या गरम खोलीत, स्त्री-पुरुषांनी एकत्र आणि कपड्यांशिवाय जाण्याची रीत आहे. बहीणभावांनी हॉटेलच्या ‘वेलनेस’ विभागाची पाटी पाहून उत्साहाने आत शिरू नये. बुडापेस्टच्या सेचेनीत सगळे पोहण्याच्या पोशाखात असतात, त्यामुळे तेथे संकोच वाटत नाही.

वेगळे होऊन पुन्हा भेटण्याची सोय व्हिएन्नात सर्वांत चांगली. ‘साडेचारला अमुक कॉफीगृहात’ एवढे ठरवले की पुरते. जो आधी येतो तो उबेत बसून वाट पाहतो. लिस्बनमध्ये वाट पाहायची ती चौकात, बहुधा वाऱ्यात, आणि मागे राहिलेल्याच्या नावाने बोटे मोडत.

तारखा, खर्च आणि कागद

विमान वगळता माणशी खर्च आमच्या दोन्ही प्रवासांत जवळजवळ सारखा झाला. व्हिएन्ना महाग, बुडापेस्ट त्यामानाने स्वस्त. लिस्बन मध्यम, पोर्तो त्याहून थोडे कमी. पण डिसेंबरातील खोलीचे भाडे नाताळच्या बाजारांमुळे चढते. व्हिएन्नातील राटहाउससमोरचा, म्हणजे नगरभवनासमोरचा, बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासून २६ डिसेंबरपर्यंत असतो. मसालेदार गरम वाइनचा किंवा फळांच्या रसाचा मग तेथे अनामत रकमेवर मिळतो. मग परत केला की पैसे परत. आम्ही दोन मग ठेवून घेतले. २४ डिसेंबरच्या दुपारनंतर व्हिएन्नात दुकाने बंद होतात, बुडापेस्टमध्ये त्या संध्याकाळी वाहतूकही आटते आणि पुढचे दोन दिवस सुट्टीचे असतात. त्या तीन दिवसांत नवख्याने तेथे अडकू नये. हंगेरीत फोरिंट चालतो, आणि कार्डयंत्राने ‘युरोत घ्यायचे की फोरिंटमध्ये’ असे विचारल्यास फोरिंट निवडावे.

माझा कौल असा. डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत जायचे असेल, दोघांपैकी एकाचे गुडघे नाजूक असतील किंवा एक शाकाहारी असेल, तर व्हिएन्नाला चार आणि बुडापेस्टला तीन रात्री. बुडापेस्ट शेवटी ठेवावे, म्हणजे थकलेले अंग ऊन पाण्यात शेकून परतता येते. सुट्टी फेब्रुवारीत मिळत असेल, दोघेही चालणारे असतील आणि पावसाने एखादी संध्याकाळ वाया गेली तर चिडणारे नसतील, तर लिस्बन–पोर्तो. डिसेंबरात पोर्तो मी कोणालाही सुचवणार नाही. ७ जानेवारीनंतरचे व्हिएन्ना हा तिसरा पर्याय लोक विसरतात: बाजार उठलेले असतात, भाडी उतरलेली असतात, आणि कॉफीगृहे, चित्रे, संगीतिका सगळे जागच्या जागी असते. पुढच्या खेपेला मी तेच करणार आहे.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. हिवाळी सुट्टीसाठी सप्टेंबरातच वेळ घ्यावी. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. जेथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश, त्याच्याकडे. म्हणून चार-तीन अशी विभागणी आधीच पक्की करावी. पोर्तुगालचे प्रकरण एकाच देशाचे असल्याने सोपे आहे, पण वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात विमान बदलणार असाल तर पासपोर्टवरची तपासणी तेथेच होते. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाल्यामुळे दोन विमानांमध्ये ऐसपैस वेळ ठेवावा.

अर्ज प्रत्येकाचा वेगळा असतो. एकाच्या खर्चाने दुसरा जात असेल तर नाते दाखवणारा कागद जोडावा लागतो, आणि येथे आपल्याकडची नावांची रीत आडवी येते: ताईच्या पासपोर्टवर मधले नाव भावोजींचे आणि आडनाव सासरचे, त्यामुळे आमचे दोन पासपोर्ट शेजारी ठेवले तर आम्ही एकमेकांचे कोणी लागतो असे वाटतही नाही. मी दोघांचे जन्मदाखले जोडले. काउंटरवरच्या त्या सगळ्या गठ्ठ्यात आमच्या दोघांच्या नावापुढे वडिलांचे नाव दिसत होते, ते तेवढ्या दोन कागदांवर.